ऋणाची भाषा आणि ऋणाची मर्यादा

मानवी समाजात कर्जाइतकी जुनी आणि सार्वत्रिक संस्था क्वचितच आढळेल. नाणी प्रचारात येण्यापूर्वी निदान दीड हजार वर्षे मेसोपोटेमियात धान्याचे व चांदीचे कर्ज व्याजाने दिले जात होते, आणि त्याची नोंद मातीच्या पाट्यांवर होत होती. अर्थशास्त्र ह्या संस्थेचा विचार भांडवल, दर व मुदत ह्या अंगांनी करते, व ते योग्यच आहे. परंतु कर्ज हे मूलतः एक वचन आहे. ते बोलले जाते, लिहिले जाते, वाचले जाते आणि नाकारलेही जाते. म्हणून भाषेच्या अंगानेही त्याचा विचार होणे आवश्यक आहे.

कर्जाचा व्यवहार ज्या ज्या समाजात रुजला, त्या त्या समाजाला तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागली. कर्ज कोठवर वाढू द्यावयाचे? ते कोणाकोणाच्या माथी बसू द्यावयाचे? आणि ते आहे हे कोणत्या शब्दांनी, कोणत्या अक्षरांनी सिद्ध व्हावयाचे? पहिल्या दोन प्रश्नांची चर्चा पुष्कळ झालेली आहे. तिसऱ्याकडे मात्र त्या मानाने दुर्लक्ष झाले. वस्तुतः पहिल्या दोन मर्यादा टिकतात की कोलमडतात, हे बव्हंशी ह्या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. महाराष्ट्राच्या एकोणिसाव्या शतकातील इतिहासात ही गोष्ट विशेष स्पष्टपणे दिसून येते.

१

प्रथम शब्दांकडे पाहू जाता असे आढळते की, ऋणवाचक शब्द बहुतेक भाषांत केवळ पैशापुरते राहिलेले नाहीत. वैदिक वाङ्मयात ‘ऋण’ ह्या शब्दाला देण्याबरोबरच अपराधाचाही अर्थ आहे. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो असे सांगितले आहे : ऋषींचे ऋण ब्रह्मचर्याने, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे प्रजेने फिटते. जर्मन भाषेत ‘शुल्ड’ ह्या शब्दाने अपराध व देणे ह्या दोहोंचा बोध होतो. आरामाइक भाषेतील ‘होबा’ हा शब्दही ऋण व पाप अशा दोन्ही अर्थी येतो.

मराठीतही हेच दिसते. कर्ज फेडावयाचे, नवस फेडावयाचा आणि आईबापांचे पांगही फेडावयाचे, क्रियापद एकच. ‘ऋणानुबंध’ हा शब्द तर देण्याघेण्याच्या कल्पनेतून निघून जन्मांतरीच्या स्नेहापर्यंत पोहोचला. ‘उधार’ आणि ‘उद्धार’ ही एकाच संस्कृत शब्दाची दोन रूपे होत; अमरकोशात ऋणाच्या पर्यायांत ‘उद्धार’ दिलेला आहे. ‘तारण’ म्हणजे मूळ अर्थाने तारून नेणे. ‘सावकार’ हा शब्द ‘साधुकार’ ह्यावरून आला असे सामान्यतः मानले जाते, आणि चोराच्या उलट तो ‘साव’ हा प्रयोग आजही रूढ आहे.

ह्याच्या जोडीला फारसीच्या द्वारे आलेले अरबी शब्द आहेत : कर्ज, रोखा, खत, जामीन, तगादा. अरबीत ‘कर्ज’ ह्या शब्दाच्या धातूचा अर्थ ‘कापणे’ असा आहे. मराठीने ह्या दोन शब्दकुलांची वाटणी मोठ्या मार्मिकपणे केली. आईचे, गुरूचे वा समाजाचे असते ते ‘ऋण’. दुकानदाराचे व सावकाराचे असते ते ‘कर्ज’. ‘मातृकर्ज’ असा शब्द कोणी योजीत नाही. तथापि ही वाटणी पूर्ण झालेली नाही. ‘ऋण काढून सण’ ह्या म्हणीत पैशाचे कर्ज ‘ऋण’च राहिले, आणि फेडण्याचे क्रियापद दोहोंकडे समाईकच आहे. पैशाच्या देण्याला धर्माच्या देण्याची सक्ती चिकटते ती येथे.

संस्कृतात कर्ज देणारा ‘उत्तमर्ण’ आणि घेणारा ‘अधमर्ण’. एक वरचा, एक खालचा, हा भेद शब्दातच घडविलेला आहे. पाणिनीनेही ही संज्ञा योजिली आहे. मराठी कायद्याच्या भाषेतील ‘धनको’ व ‘ऋणको’ ही जोडी त्या मानाने समतोल आहे. तिचे नाते स्मृतिग्रंथांतील ‘धनिक’ व ‘ऋणिक’ ह्या शब्दांशी आहे.

२

आता पहिला प्रश्न : कर्ज कोठवर वाढावे? व्याजाची कल्पना अनेक भाषांनी सजीवाच्या वाढीवरून घेतलेली दिसते. संस्कृतात व्याजाला ‘वृद्धि’ म्हणतात. अरबी ‘रिबा’ हा शब्द वाढण्याच्या धातूपासून आला आहे. ग्रीक ‘तोकोस’ म्हणजे अपत्य आणि व्याजही. पैशाने पैसा प्रसवावा हे निसर्गाविरुद्ध आहे, हा ॲरिस्टॉटलचा आक्षेप ह्या शब्दावरच आधारलेला आहे. सुमेरी भाषेतील व्याजवाचक शब्दाचा दुसरा अर्थ ‘करडू’ असा होता. मराठीने मात्र ‘व्याज’ हा शब्द स्वीकारला. संस्कृतात त्याचा अर्थ निमित्त, मिष, ढोंग असा आहे.

पण सजीवाची वाढ केव्हातरी थांबते. आकड्याची आपोआप थांबत नाही. ती थांबविण्याचे काम समाजाला करावे लागते. हम्मुराबीच्या संहितेत (इ. स. पूर्व अठरावे शतक) चांदीवर शेकडा २० आणि धान्यावर शेकडा ३३⅓ अशी व्याजाची मर्यादा आढळते. मनुस्मृतीत दरमहा ऐंशीवा भाग, म्हणजे शेकडा सव्वा, हा दर सांगितला आहे. कौटिल्यानेही सव्वा पण हाच धर्म्य दर मानला. मात्र व्यापाऱ्यांस पाच, रानावनांतून जाणाऱ्यांस दहा व समुद्रावर जाणाऱ्यांस वीस पण दर त्याने नमूद केला आहे. जोखमीप्रमाणे दर वाढतो, हे तत्त्व त्यात स्पष्ट आहे.

दराच्या मर्यादेहून अधिक महत्त्वाची मर्यादा दामदुपटीची. पैशाच्या कर्जाचे एकाच वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये. म्हणजे मुद्दल व व्याज मिळून दुपटीपलीकडे जाऊ नयेत, असा हा नियम मनुस्मृतीत आहे. धान्य, फळे, लोकर इत्यादींस पाचपटीपर्यंत सवलत आहे. हा नियम दर कितीही असला तरी वाढीला कुंपण घालतो. सावकाराने वर्षानुवर्षे स्वस्थ बसून आकडा फुगू द्यावा, ह्यात त्याला काहीच लाभ उरत नाही. म्हणूनच हा नियम ग्रंथांत न राहता व्यवहारात उतरला आणि ‘दामदुप्पट’ हा शब्द सामान्य मराठी माणसाच्या तोंडी बसला.

३

दुसरा प्रश्न कर्जाच्या व्याप्तीचा. ऋणको देऊ शकला नाही तर त्याचे शरीर, त्याची बायकामुले, त्याचे वंशज हे कर्जाला बांधले जातात काय? प्राचीन समाजांनी दीर्घकाळ ह्याचे उत्तर ‘होय’ असे दिले. हम्मुराबीने कर्जापायी दिलेल्या बायकोमुलांना तीन वर्षे काम करवून चौथ्या वर्षी सोडून द्यावे, असे ठरविले. म्हणजे प्रथा रद्द केली नाही, तिला मुदत घातली. अथेन्समध्ये सोलोनने इ. स. पूर्व ५९४ च्या सुमारास शरीर तारण ठेवून कर्ज देण्याची मनाई केली. रोममध्ये ऋणकोला देहाने बांधून घेण्याची पद्धत परंपरेनुसार इ. स. पूर्व ३२६ मध्ये बंद झाली. नारदस्मृतीत दासांचे जे पंधरा प्रकार दिले आहेत, त्यांत गहाण पडलेला आणि मोठ्या ऋणातून सोडविल्यामुळे दास झालेला, असे दोन प्रकार आहेत. भारतात वेठबिगार कायद्याने नष्ट झाली ती १९७६ च्या अधिनियमाने. ‘वेठ’ हा संस्कृत ‘विष्टि’पासून आलेला आणि ‘बिगार’ हा फारसीतून आलेला. एकाच सक्तीसाठी दोन भाषांतील शब्द एकत्र जोडले गेले, ह्यावरून ती प्रथा किती मुरलेली होती ह्याची कल्पना येते.

पित्याचे ऋण पुत्राने फेडावे हा धर्मशास्त्राचा दंडक होता. जुगार, मद्यपान इत्यादींसाठी केलेली कर्जे त्यातून वगळलेली होती. मुंबई इलाख्यात १८६६ च्या कायद्याने वारसाची जबाबदारी त्याला मिळालेल्या मालमत्तेपुरती सीमित झाली. पुढे २००५ साली हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती होऊन, त्यानंतरच्या कर्जांसाठी केवळ पुत्रधर्माच्या आधारे मुलावर दावा मान्य करावयाचा नाही, असे ठरले. पितृऋण आणि पित्याचे कर्ज ह्या दोन गोष्टी कायद्याने संपूर्णपणे वेगळ्या व्हावयास एवढा काळ लागला.

४

तिसरा प्रश्न अक्षरांचा. हम्मुराबीच्या संहितेत एक उल्लेखनीय कलम आहे. वादळाने शेत बुडाले वा पाण्याअभावी पीक आले नाही, तर त्या वर्षी ऋणकोने धनकोस धान्य देऊ नये. त्याने आपली पाटी भिजवावी आणि त्या वर्षाचे व्याज देऊ नये. माती भिजविली की अक्षर बदलता येते. कर्ज लेखात राहते, म्हणून सूटही लेखातच दिसली पाहिजे, हे त्या कायद्याने ओळखले होते. त्याहून जुनी गोष्ट लगश येथील. इ. स. पूर्व २४०० च्या सुमारास तेथील राजा एन्मेतेना ह्याने जाहीर केलेल्या ऋणमुक्तीला सुमेरी भाषेत ‘आमार्गी’ म्हटले आहे. त्याचा शब्दशः अर्थ ‘आईकडे परत जाणे’. सोलोनच्या सुधारणेतही जमिनीत रोवलेले बोजाचे दगड उपटून टाकण्यात आले. भिजविलेली पाटी व उपटलेला दगड ह्या दोहोंत राजसत्तेने स्वतः लेख पुसला.

महाराष्ट्रात कर्जाचा लेख म्हणजे ‘खत’. शेतकऱ्याच्या भाषेत ह्याच उच्चाराचा दुसरा एक शब्द आहे, तो शेतात घालावयाच्या खताचा. दोहोंचा परस्परांशी संबंध नाही. कर्जाचे खत अरबीतून आले, आणि तेथे त्याचा अर्थ रेघ, लेखन असा आहे. खते सामान्यतः मोडी लिपीत लिहिली जात. मोडी ही जलद लेखनाची लिपी. तीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद राखला जात नाही, आणि बाळबोध शिकलेल्यासही ती सरावाशिवाय वाचता येत नाही. कुणबी शेतकऱ्याची सही म्हणजे बहुधा नांगराची निशाणी. ह्याचा अर्थ असा की, ज्या लेखाने तो बांधला जात होता त्यातील एकच खूण त्याला ओळखू येत होती, आणि ती त्याच्या स्वतःच्या निशाणीची.

जुन्या व्यवस्थेत ह्या विषमतेला काही प्रमाणात उतारा होता. वसुली बहुतांशी गावातच व्हावयाची. धनको तगादा लावी, क्वचित दारात धरणे धरून बसे. ऋण वसूल करण्याच्या पाच उपायांत मनुस्मृतीने जे ‘आचरित’ सांगितले, त्याचा अर्थ काही टीकाकारांनी असाच लावला आहे. पाटील, पंच व भाऊबंद ह्यांच्यासमोर हा प्रकार चाले. कर्ज किती, ते कशासाठी घेतले, किती फिटले, ही स्मृती खताबाहेरही शिल्लक असे. ही व्यवस्था न्याय्य होतीच असे नाही. पण तीत कागद हा एकमेव साक्षीदार नव्हता.

५

इंग्रजी अंमलात हे बदलले. दिवाणी न्यायालयात खत हाच निर्णायक पुरावा ठरला. १८५५ च्या कायद्याने व्याजावरील निर्बंध उठविले गेले आणि कराराने ठरलेला दर न्यायालये मान्य करू लागली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी नसलेल्या खतावरील दाव्यास ३ वर्षांची मुदत घातली. ऋणकोचे हित साधावे, जुनी खते उकरून काढली जाऊ नयेत, असा ह्यामागील हेतू होता. परिणाम मात्र उलट झाला. मुदत संपण्यापूर्वी सावकार खत पालटून घेऊ लागला, आणि थकलेले व्याज नव्या खतात मुद्दल म्हणून लिहिले जाऊ लागले.

हिंदूंच्या बाबतीत दामदुपटीचा नियम मुंबई इलाख्यात १८५५ नंतरही लागू आहे, असा निर्णय १८६३ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयाने दिला होता. तरी तो नियम येथे निष्प्रभ झाला. ह्याचे कारण गणिताने स्पष्ट होईल. शेकडा २४ दराने १०० रुपये काढले, असे धरावे. एकच खत कायम राहिले तर ४ वर्षे २ महिन्यांनी व्याज मुद्दलाइतके होते आणि रक्कम २०० वर थांबते. पण दर ३ वर्षांनी खत पालटले तर तिसऱ्या वर्षअखेर मुद्दल १७२, सहाव्या वर्षअखेर सुमारे २९६ आणि नवव्या वर्षअखेर सुमारे ५०९ रुपये होते. कोणत्याही एका खतात व्याज मुद्दलाइतके होत नाही. म्हणजे नियम कोठेही मोडला जात नाही. ‘व्याज’ ह्या शब्दाऐवजी ‘मुद्दल’ हा शब्द लिहिल्याने सारी मर्यादा नाहीशी होते. खत पालटून त्यात व्याज समाविष्ट करण्याची मुभा मनुस्मृतीतही आढळते. तेव्हा ही वाट नवी नव्हती. नवे होते ते मुदतीने लावून दिलेले नियमित चक्र आणि कागदापलीकडे न पाहणारे न्यायालय.

ह्यात बाजाराची भर पडली. १८६१ ते १८६५ ह्या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, शेतकऱ्याची पत वाढली, कर्जेही वाढली. युद्ध संपताच भाव कोसळले. त्याच सुमारास फेरपाहणीने काही तालुक्यांतील सारा वाढविण्यात आला. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे गावी सावकारांवर बहिष्कार सुरू झाला. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजारच्या दिवशी उठाव झाला, आणि पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत त्याचे लोण पोहोचले. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाच्या अहवालावरून असे दिसते की, सावकारांचे जीव घेणे हा जमावाचा उद्देश नव्हता. खते व हुकूमनामे हस्तगत करून जाळून टाकणे हा होता. जेथे कागद मुकाट्याने हवाली झाले, तेथे पुढे सहसा हिंसा घडली नाही.

ह्या वर्तनाला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे; परंतु ते वस्तुस्थितीला धरून होणार नाही. कर्जाचे सर्व बळ ज्या वस्तूत साठविले गेले होते, तिच्यावरच जमावाने नेमका घाव घातला. बाबिलोनमध्ये दुष्काळात पाटी भिजविण्याची सोय कायद्यात होती. सुप्यात तशी सोय नव्हती, म्हणून कागद जाळले गेले. ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या १८८३ च्या ग्रंथात महात्मा जोतीराव फुले ह्यांनी शेतकऱ्याच्या दैन्याचा संबंध त्याच्या अविद्येशी जोडला. खताच्या ह्या इतिहासाच्या प्रकाशात पाहता त्या विचाराचे मर्म अधिक उलगडते. अक्षर न येणे म्हणजे केवळ ज्ञानास मुकणे नव्हे. आपल्यावर काय लिहिले गेले आहे हे न कळणे होय.

६

१८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा हा ह्या उठावाचा परिणाम होय. प्रथम तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांस लागू झाला. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्यास अटक करण्यास त्याने बंदी घातली. परंतु भाषेच्या दृष्टीने त्यातील दोन तरतुदी सर्वांत महत्त्वाच्या आहेत. एक अशी की, न्यायालयाने खतावर न थांबता मूळ व्यवहारापासून हिशेब तपासावा. म्हणजे ‘मुद्दल’ म्हणून लिहिलेल्या रकमेत व्याज किती हे वेगळे काढावे. दुसरी अशी की, शेतकऱ्याचे खत ग्रामनोंदणी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली लिहिले जावे, ते मोठ्याने वाचून दाखविले जावे आणि त्याचा आशय त्याला समजल्याची खात्री करून घ्यावी. लेख हा दोन्ही पक्षांना कळला पाहिजे, हे तत्त्व त्यात मान्य झाले.

कायद्याने सर्व प्रश्न सुटले नाहीत. सावकारी पत आखडली, आणि गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घेण्याची चाल पडली. विक्रीच्या व्याजाने कर्ज दिले जाऊ लागले, आणि ‘व्याज’ शब्दाचा जुना अर्थ असा पुन्हा खरा ठरला. तरीही दिशा ठरून गेली. १९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्थांचा पाया घातला गेला. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने व २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याने दामदुपटीचे तत्त्व स्पष्ट शब्दांत पुन्हा स्वीकारले. रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये कर्जाच्या मुख्य अटींचे पत्रक ऋणकोस समजेल अशा भाषेत देणे बँकांवर व वित्तसंस्थांवर बंधनकारक केले. ग्रामनोंदणी अधिकाऱ्याने खत वाचून दाखवावे ह्या तरतुदीचाच हा वारसा म्हणता येईल.

दराची मर्यादा, दुपटीची मर्यादा, वारशाची मर्यादा ह्या सर्व भाषेतच मांडल्या जातात आणि भाषेतच हरवूही शकतात. एका शब्दाऐवजी दुसरा लिहिला की दोन हजार वर्षांचा नियम तीन वर्षांच्या खतात विरून जातो, हे दख्खनच्या इतिहासाने दाखविले. आज मोडीची जागा संगणकाच्या पडद्यावरील दीर्घ करारांनी घेतली आहे आणि नांगराच्या निशाणीची जागा ‘मान्य आहे’ ह्या एका स्पर्शाने. साक्षरता वाढली, परंतु कराराची भाषा वाचणे आणि ती समजणे ह्यांतील अंतर अद्याप सरलेले नाही. म्हणून कर्जाच्या कागदपत्रांची मराठी सुबोध व निःसंदिग्ध असावी, हा केवळ भाषाभिमानाचा प्रश्न नव्हे. दामदुपटीइतकीच ती ऋणकोच्या संरक्षणाची बाब आहे.